जळकं ऑइल

"नासीरभो, थोडं जयेल ऑइल दे ना. कुत्राले खाज सुटेल शे."

ट्रकखाली आडव्या पडलेल्या नासीरला फक्त दोन पाय आणि त्यांच्या शेजारी लोंबणारी रिकामी बाटली दिसली. तेवढ्यावरच त्याचं डोकं फिरलं. नरडाण्याच्या एमआयडीसीत एवढे कारखाने, एवढी माणसं; पण कोणाच्याही कुत्र्याला लूत लागली की अख्ख्या पंचक्रोशीला आठवायचं ते नासीरचंच गॅरेज.

"देवाव नही," तो खालूनच ओरडला. "जनावरना दवाखानामा जा."

"ड्रम तं भरेल दिसी राह्यना!"

"भरेल शे, पन जहर शे ते. कुत्रं चाटस आनि मरस."

"मना बापनी जलमभर हाऊच इलाज करा," पाय म्हणाले आणि कुरकुरत निघून गेले.

खरं तर वर्षानुवर्षं नासीरनेच ते वाटलं होतं. इंजिनातून काढलेलं काळंकुट्ट तेल फेकून देण्यापेक्षा कोणाच्या जनावराच्या कामी येतंय, तर येऊ दे. मग एक दिवस जनावरांच्या सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर मोनाली स्कूटीची ब्रेक वायर बदलायला आल्या. त्यांच्यासमोरच त्याने एकाची बाटली भरून दिली आणि बाईंनी त्याला असं झापलं की समोर चहा पिणारे ड्रायव्हरही उठून उभे राहिले. तेव्हापासून त्याने ऑइल देणं बंद केलं. लगेच गावभर बोभाटा झाला, नासीर चिकट झाला. लोकांच्या कुत्र्यांचा जीव वाचवायचा आणि वर चिकटही म्हणवून घ्यायचं!

त्याच दिवशी डॉक्टरांनी गॅरेजमधल्या कुत्र्याकडे, जॅककडे बोट दाखवून विचारलं होतं, "हा तुमचा का?"

"नाही मॅडम. पडलेला असतो गॅरेजवर."

जॅक गाडीखाली झोपायचा म्हणून त्याचं नाव जॅक. "कुत्ता घर में नई आने का," असं बायकोने, सकीनाने लग्नानंतर लगेचच बजावलं होतं. त्यावर नासीरने सोयीचा मार्ग काढला. दुपारच्या डब्यातली शेवटची चपाती जॅकची, रात्रीची राखण जॅकची, पण जॅक कोणाचा? कोणाचाच नाही. त्याच्या मानेवर लुतीचा चट्टा बघून डॉक्टरांनी तिथेच एक इंजेक्शन दिलं आणि पुढच्या आठवड्यात आणायला सांगितलं. "बघतो," नासीर म्हणाला. गाड्यांच्या गर्दीत तो आठवडा गेला, पुढचाही गेला. जॅकने खाजवून खाजवून कान रक्ताळून घेतले.

शुक्रवारी शटर अर्धं ओढून नासीर नमाजला गेला. परत आला तर जॅक नाकापासून शेपटीपर्यंत काळा आणि चकचकीत. त्याच्या शेजारी, समोरच्या चहाच्या टपरीचे चुडामण नाना फडक्याला हात पुसत उभे, चेहऱ्यावर लग्न जुळवून दिल्याचा आनंद.

"तुले येळ भेटत नही, म्हनीसन मीच लायी दिधं. तुनाच ड्रममधलं. बठ्ठं आंग चोपडी काढं."

"नाना! कोनले इचारं तुम्ही?"

"कोनले इचारानं?" नाना खरोखरच गोंधळले. "तूच तं बठ्ठासले सांगस, कुत्रा मना नही."

नासीर ओरडणारच होता. समोरचा माणूस वडिलांच्या वयाचा आणि मनाने भला. ड्रम आपला. 'कुत्रा माझा नाही' हे वाक्यही आपलंच. ओरडायचं तरी कोणावर?

सवयीने त्याचा हात डिझेलच्या डब्याकडे गेला. स्वतःचे हात तो रोज डिझेलनेच धुवायचा. ऐनवेळी भान आलं आणि त्याने डॉक्टरांना फोन लावला.

"डिझेल, रॉकेल काही लावू नका!" त्या ओरडल्या. "भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी. चाटू देऊ नका. लगेच आणा इकडे."

नानांनी चहाचं आधण ओतून टाकलं आणि तिथे नुसतं पाणी गरम केलं. दोघे जॅकला घासत बसले. काळा फेस निघतच राहिला. जॅक शहाण्यासारखा उभा, पण जरा सैल सोडलं की पुन्हा अंग चाटायचा. "चाटू नको रे, नालायका!" नासीर कधी जॅकवर चिडत होता, कधी नानांवर, कधी अख्ख्या तालुक्यावर. मग जॅक काळं ओकला.

दवाखान्यात डॉक्टर या वेळी रागावल्या नाहीत, त्यानेच नासीर जास्त घाबरला. "ओकताना थोडं फुफ्फुसात गेलंय," त्या म्हणाल्या. "सलाइन लावते. पण ऊब पाहिजे. घरी ठेवा."

स्वतःच्या जाकिटात गुंडाळलेलं ते ओलं ओझं घेऊन तो घराच्या दारात उभा राहिला. सकीनाने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"अंगन में रख," ती म्हणाली. "पुराना कंबल देती."

जॅकला घर मिळालं ते दोन दिवसांचं. तिसऱ्या दिवशी सकाळी घोंगडीखालचा श्वास थांबला होता.

गॅरेजमागे नासीर खड्डा खणत होता. चुडामण नानांनी टपरी उघडली नव्हती. न बोलावता ते फावडं घेऊन आले होते आणि माती बाजूला ओढत होते. त्यांच्यावर काढायचा सगळा राग नासीरने कुदळीवर काढला.

खड्ड्याच्या कडेला दोन पाय येऊन थांबले. शेजारी रिकामी बाटली लोंबत होती.

"कोना कुत्रा व्हता भो?"

नानांचं फावडं थांबलं. नासीरने घोंगडीची घडी जॅकच्या कानांवर नीट ओढली.

"मना," तो म्हणाला. "मना कुत्रा व्हता."