सान पास्क्वालच्या छताचे साक्षीदार

सोमवारी सकाळी ओतिलिया परांचीवर चढली, तेव्हा तिसरा साक्षीदारही फुटलेला होता.

साक्षीदार म्हणजे प्लास्टरची वीतभर पट्टी. कमानीला तडा गेला की गवंडी त्यावर आडवी पट्टी लिंपतो, ओल्यातच तारीख कोरतो आणि वाट बघतो. पट्टी शाबूत राहिली तर तडा जुना, मेलेला. फुटली तर जिवंत. ओतिलियाने गुरुवारी चार पट्ट्या लिंपल्या होत्या. पहिली शुक्रवारी गेली, दुसरी रविवारी, आणि आता ही. जात होत्या त्याही ओळीने, दारापासून वेदीकडे.

खाली अंगणात बाजारातल्या स्वयंपाकिणी चुली मांडत होत्या. सान पास्क्वाल हा स्वयंपाक्यांचा संत, आणि शनिवारी त्याचा उत्सव.

"मिस्त्रीणबाई, उतरा आता!" प्रिमितिवा ओरडली. "कबुतरांशी सोयरीक जुळवताय की काय वर?"

प्रिमितिवा बाजारातली सगळ्यात जुनी स्वयंपाकीण. तिच्या मोलेच्या, म्हणजे मिरच्यांच्या दाट रश्श्याच्या, हंड्यात माणूस बसेल, आणि तिच्या तोंडापुढे कुणाचं काही चालायचं नाही. ओतिलिया एरवी तिला उलट बोलली असती. आज ती उरलेल्या चौथ्या पट्टीवरून बोट फिरवत राहिली.

मेक्सिको शहराच्या त्या जुन्या भागात सरळ उभं असं फारसं काही नाही. खाली तळ्याचा गाळ. शहर त्यातलं पाणी पीत राहतं आणि वरची देवळं खचत राहतात. सान पास्क्वालचं देऊळ तर अडीचशे वर्षं बाजाराकडे झुकलेलं. आत हातातून लिंबू सुटलं तर ते आपलं आपण डाव्या भिंतीशी जाऊन थांबायचं. कुणी वळूनही बघत नसे. पण यंदा मे महिना भाजून काढत होता, विहिरींचे पंप दिवसभर धडधडत होते, आणि लिंबू आता उजवीकडे जायला लागलं होतं.

तिने फादर गाउदेन्सियोंना सांगितलं. तरुण, हसतमुख माणूस. त्यांनी कपाटातून कागद काढला.

"ओतिलियाबाई, इंजिनियर तपासून गेलेत. सुरक्षित, असं लिहिलंय. सहीशिक्का आहे."

"इंजिनियर खालून वर बघून गेले, फादर. मी वर आहे."

"पण हे छत तर तुमच्या वडिलांनीच दुरुस्त केलं ना? ज्याच्या हाताला अख्खा मोहल्ला वंदन करतो, त्याच्यावर लेकीचाच विश्वास नाही?"

मोठ्या भूकंपानंतर देऊळ दोन वर्षं बंद होतं. ते उघडलं मिस्त्री दोमिसियानोने, तिच्या बापाने. तो मेला तेव्हा बाजार एक दिवस बंद राहिला होता.

मंगळवारी ती वेदीवरच्या कमानीशी गेली. तिथे तडा दिसत नव्हता, पण थापीच्या मुठीने ठोकल्यावर आवाज पोकळ आला. तिने चुना खरवडला. चुना बोटभर जाड होता, आणि त्यावर दगडांचे सांधे रंगाने काढलेले होते. खालून बघणाऱ्याला कमान अखंड वाटावी असे. त्याखाली एक पट्टी निघाली. फुटलेली. तिच्याखाली दुसरी, फुटलेली. तिच्याखाली तिसरी. तिन्हींवर तारखा होत्या आणि तारखांखाली कोरलेली दोन अक्षरं. ती अक्षरं तिने लहानपणापासून बापाच्या प्रत्येक हत्यारावर पाहिली होती.

ती खाली उतरली.

देवळाचा म्हातारा सेवेकरी कायेतानो मेणबत्त्यांचे ठिबके खरवडत होता. तो बापाच्या वेळेपासूनचा; मनोऱ्यातली घंटाही तोच वाजवायचा.

"कायेतानोबाबा, वेदीवरची कमान कुणी झाकली?"

म्हाताऱ्याचा हात थांबला. "उघडलीस होय?"

"कुणी सांगितलं त्यांना? बिशपांनी?"

"कुणीच नाही, पोरी. तुझा बाप तीन महिने पट्ट्या लिंपत होता. एक फुटली की दुसरी. आणि रोज सकाळी दारात बायका हातात मेणबत्त्या घेऊन उभ्या. कधी उघडणार, मिस्त्री? पोराचा बाप्तिस्मा राहिलाय, मिस्त्री. आई मरायला टेकली, तिला शेवटचं देवळातूनच न्यायचंय, मिस्त्री. माणूस थकतो. एके दिवशी त्याने चुना मागितला."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

कायेतानो पुन्हा मेण खरवडू लागला.

बुधवारी चौथी पट्टी फुटली. गुरुवारी सकाळच्या प्रार्थनेत वाटाण्याएवढा खडा एका म्हातारीच्या पदरात पडला. तिने तो प्रसाद समजून रुमालात बांधला. ओतिलियाने ते पाहिलं. शनिवारी इथे सहाशे माणसं उभी राहणार होती.

तिने फादरांना परांचीवर चढवलं. त्यांना उंचीची भीती; डोळे अर्धे मिटूनच ते वर आले. तिने बापाच्या तिन्ही पट्ट्या दाखवल्या, मग आपल्या चार. फादरांनी तड्यात बोट घातलं. बोट पेरापर्यंत आत गेलं. त्यांचं हसू मावळलं.

"हे लोकांना तुम्ही सांगाल?" त्यांनी हळूच विचारलं. "मी सांगितलं तर कागद दाखवतील. तुमचं ऐकतील."

"माझं नाही ऐकणार. वडिलांचं ऐकतील," ती म्हणाली. "म्हणून त्यांचंच नाव घ्यावं लागेल."

शुक्रवारी दुपारी अंगणात मिरच्या भाजत होत्या, सगळ्यांचे डोळे पाणावलेले. ओतिलिया चुलींच्या मधोमध उभी राहिली आणि तिने काही न लपवता सांगितलं. बापाला माहीत होतं. बापाने चुना फासला. तडा तेव्हाही मेलेला नव्हता, आजही नाही.

यंदाच्या उत्सवाचा प्रमुख लिब्रादो, मटणाच्या दुकानाचा मालक, तावातावाने पुढे आला. "मेलेल्या बापाच्या नावाला काळं फासतेस? लाज वाटत नाही?"

"वाटते, लिब्रादोभाऊ. म्हणून तर तीन दिवस गिळून बसले होते."

प्रिमितिवाने कढईखालची लाकडं ओढून काढली आणि हात पुसले.

"माझ्या तीन पोरांचा बाप्तिस्मा त्या कमानीखाली झाला," ती म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता, आणि तो कुणी कधी खाली गेलेला ऐकला नव्हता. "दोमिसियानो माझ्या शेजारी उभा होता. माझ्या धाकट्याला त्याने हातात घेतलं होतं गं." ती थुंकली. मग लिब्रादोकडे वळून म्हणाली, "बघतोस काय? संत बाहेर काढा. तो स्वयंपाक्यांचा आहे, चुलीशी बसेल. त्याला काय छताची हौस?"

शनिवारी सकाळी आठ जणांनी मूर्ती खांद्यावर घेतली. मोठं दार उघडेना. चौकट पिळली होती. आदल्या दिवशीपर्यंत ते एका हाताने ढकललं जायचं. शेवटी बाजूच्या दाराने, मूर्ती आडवी करून, काढावी लागली. बाहेर उन्हात लोकांनी पाहिलं, संताच्या तपकिरी झग्यावर पांढरी धूळ बसली होती. बायका ती पुसायला धावल्या. पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं.

मिस्साची प्रार्थना अंगणातच सुरू झाली. ओतिलिया बाजूच्या दाराशी राखण करत उभी होती. आतून बारीक आवाज येत होता, पाट्यावर मका वाटल्यासारखा. फादरांनी पवित्र भाकर वर उचलली आणि त्याच क्षणी मनोऱ्यातली घंटा वाजली.

भाकर उचलताना तीन ठोके द्यायचा रिवाजच होता; लोकांनी माना खाली घातल्या. ओतिलियाची मात्र वर गेली. मनोऱ्याचा जिना देवळाच्या आतून होता.

"आत कोण आहे?" ती किंचाळली.

घंटा दुसऱ्यांदा वाजली. ती दाराकडे धावली, तेवढ्यात प्रिमितिवाने मागून तिला कमरेला धरलं. बाईचा भार मोठा. दोघीही फरशीवर पडल्या. तिसऱ्या ठोक्यानंतर छत खाली आलं. धडाका झाला नाही. एक लांब, जड उसासा निघाला आणि दारा-खिडक्यांतून धूळ अशी बाहेर आली की बराच वेळ कुणाला कुणाचा चेहरा दिसला नाही. चुली विझल्या. संताच्या पायाशी कुणीतरी मोठमोठ्याने नावं घेत आपली पोरं मोजत होतं.

सगळी होती. नव्हता तो कायेतानो.

मनोरा उभा राहिला. जिना वरच्या टप्प्यापर्यंत कोसळला होता. अग्निशमनवाल्यांनी दुपारी तीनच्या सुमारास शिडी लावून म्हाताऱ्याला खाली आणलं. अंगावर ओरखडाही नव्हता, पण श्वास पुरत नव्हता, छातीत धूळ भरली होती. ओतिलिया त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसली.

"कशाला गेलात, बाबा? तुम्हाला तर सगळं ठाऊक होतं!"

"सगळ्यांना सांगितलंस ना बापाचं?"

"सांगितलं."

"मग माझंही सांग. तो एकटा नव्हता. चुना मी कालवला. सांधे मी रंगवले. त्याला रेघ सरळ काढता यायची नाही."

तिने त्याचा हात धरला. राग यायला हवा होता, पण आला नाही. तिसऱ्या आठवड्यात इस्पितळात तो गेला. त्याच्या अंत्यविधीत फादरांच्या शेजारी उभी राहून तिने ते सगळ्यांसमोर सांगितलं, एक शब्दही न गाळता. लिब्रादो मध्येच उठून गेला.

आता मिस्सा ताडपत्रीखाली होते. ढिगारा निम्मा उचललाय. वेदीमागची भिंत मात्र तशीच एकटी उभी आहे, सतरा मीटर उंच, बाजाराकडे तोंड करून. ओतिलिया रोज सकाळी तिला ओळंबा लावते. दर आठवड्याला ती दोन बोटं बाजाराकडे कलते. तिने बाजाराच्या दारावर तीनदा पाटी लावली, भिंतीखालची दुकानं हलवा म्हणून, आणि तीनदा कुणीतरी ती काढून चुलीत घातली.

"पोरी, भिंतीखालच्या जागेवरच धंदा सगळ्यात जास्त चालतो," प्रिमितिवा म्हणते. तिचा हंडा त्याच भिंतीला टेकलेला असतो. मग ती नजर चुकवते आणि मोले ढवळत राहते.