कंदीलवालीची चाल

ताईने गेमचा कंट्रोलर उलटा धरला होता. धाकट्या भावाने तो तिच्या हातांतून काढून घेतला, फिरवला आणि पुन्हा तिच्या तळव्यांत नीट बसवला.

"हा डावा अंगठा चालायला. हा उजवा उडी मारायला."

"मी नाही बाई उडी-बिडी मारणार."

"तू नाही गं, तो मारणार. शिलेदार."

"त्याला काय झालंय मारायला! खाऊन-पिऊन तयार दिसतोय चांगला." ताईने पाय सोफ्यावर घेतले आणि टीव्हीकडे डोळे बारीक करून पाहिलं. "आणि ही मागे कोण?"

"कंदीलवाली. सोबतीला असते."

"नाव नाही हिला?"

"नाही."

"बरंय. पगार तरी देता का?"

धाकटा हसला. हसताना आपलं हसू जरा जास्तच लांबतंय हे त्याला जाणवलं आणि तो चहाचा कप उचलायला वाकला.

रविवारची दुपार होती. ताई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. तिच्या नखांच्या कडेला गुलाबी मेणाची रेघ असायची, ती सुट्टीच्या दिवशीही निघत नसे. समोर बाबांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली होती. बाबा मागच्या हिवाळ्यात गेले. खुर्ची तेव्हापासून तिथेच होती, पण आता तिच्यावर इस्त्रीचे कपडे असायचे.

धाकटा दुसऱ्या शहरात गेम बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्रामर होता. चार वर्षं खपून केलेला त्यांचा गेम गेल्या महिन्यात बाजारात आला आणि चालला. 'तू केलेलं काहीतरी मला दाखव तरी' असं ताई कधीपासून म्हणत होती. तो टाळत आला होता. आज तो स्वतःहून सगळं सामान घेऊन आला, याचं तिला नवल वाटलं होतं. पण त्याचं येणं बिनकामाचं नव्हतं.

"लोकांत भांडण लागलंय ताई, हिच्यावरून," तो म्हणाला. "म्हणतात, शिलेदार नुसता नावाला आहे. खरी नायिका ही मागची."

"असं का म्हणतात?"

त्याने सांगितलं. अख्खा गेम कंदीलवालीच्या खांद्यामागून दिसतो, म्हणजे ही गोष्ट तिच्या नजरेतली. शिलेदार मेला की ती उभी असते तिथूनच पुन्हा जिवंत होतो, म्हणजे त्याला उठवणारी ती. शिवाय तिचा डावा पाय किंचित लंगडतो. म्हणजे ती आधी कधीतरी स्वतःच मोहिमेवर गेली असणार, जखमी झाली असणार, आणि आता नव्या पोराला वाट दाखवत असणार.

"डोकेबाज आहेत की तुझे लोक," ताई म्हणाली.

धाकट्याला यातल्या प्रत्येक गोष्टीचं खरं कारण माहीत होतं. शिलेदार सारखा उड्या मारतो. कॅमेरा त्याच्या पाठीला बांधला तर बघणाऱ्याला गरगरायला लागायचं. कंदीलवाली एका लयीत चालते, म्हणून तो तिच्या खांद्यामागे बांधला. मेलेल्याला परत उभं करायला दगड नाही, पाणी नाही अशी मोकळी जागा लागते. कंदीलवाली जिथे उभी असेल तिथे तशी जागा असायचीच. हे सगळं सोयीनं झालं होतं. कुणी काही योजलं नव्हतं.

ऑफिसात ही चर्चा आणली ती गेममधल्या चुका शोधणाऱ्या पोरीने. तिला सगळे किडा म्हणत. बॉसने ती चर्चा दोनदा वाचली आणि खुर्ची मागे ढकलली.

"आपण हे पहिल्यापासूनच ठरवलेलं होतं, काय?"

"नव्हतं ठरवलेलं," धाकटा म्हणाला.

"आता होतं," बॉस म्हणाला. "दुसरा भाग तिच्यावर. हिरो घरी. तिला एक चेहरा लागेल."

"पहिल्या भागातलाच चेहरा चालेल ना?" बॉसने विचारलं.

"पहिला नाहीच," किडा म्हणाली. "ती कधी समोरून दिसतच नाही. यानं केलाच नाही."

"आणि ही चाल? चाल तर जिवंत वाटते. कुणाची?"

"घरातल्याच एकीची," धाकटा बोलून गेला.

"मग झालं तर! चारी बाजूंनी फोटो काढून आण. चाल तिची, चेहरा तिचा. लोक वेडे होतील."

ते फोटो काढायला तो आला होता. आल्यापासून त्याने त्याबद्दल तोंड उघडलं नव्हतं.

शिलेदार गुहेत शिरला. ताई त्याला भिंतींवर आपटत आपटत नेत होती. मागे कंदीलवाली, डावीकडे, बरोबर एक पाऊल अंतर ठेवून. पुढच्याने तोल सोडलाच तर पटकन पुढे करता यावा असा एक हात अर्धवट उचललेला.

ती चाल धाकट्याने चार वर्षांपूर्वी या घराबाहेरच्या लांब व्हरांड्यात मोबाईलवर टिपली होती. बाबांची एक बाजू लुळी पडल्याला तेव्हा वर्ष झालं होतं. त्यांना मेंदूच्या ज्या मोठ्या डॉक्टरांना एकदा दाखवलं होतं ते धाकट्याच्याच शहरात बसत. डॉक्टरांकडे जाणं-बोलणं धाकट्याकडे होतं. बाकी सगळं ताईकडे. 'बाबा कसे चालतात ते डॉक्टरांना बघायचंय,' असं तो ताईला म्हणाला. डॉक्टरांनी तसं काही मागितलं नव्हतं. त्याला बाबांची चाल नको होतीच. त्यांच्या मागची हवी होती. सरळ मागितली असती तर ताई हसली असती, अवघडली असती, आणि चाल खोटी झाली असती. एवढं साधं गणित त्याने मांडलं होतं.

डॉक्टर बघणार म्हणून ताई ठेवणीतला ड्रेस घालून आली. पायांत नव्या चपला. बाबांना घेऊन ती व्हरांड्यातून गेली, आली, पुन्हा गेली. 'नीट येतंय ना रे? त्यांचा पाय दिसतोय ना?' असं ती विचारत राहिली. पुढे संगणकावर धाकट्याने बाबांना चौकटीतून कापून टाकलं. उरली ती ताई. थकव्याने असेल, ती थोडी लंगडत होती. त्याला ते आवडलं. त्याने ते तसंच ठेवलं.

आठवड्याने तिचा फोन आला. काय म्हणाले डॉक्टर? तो तेव्हा ऑफिसच्या जिन्यात होता, हातात दोन कॉफ्या होत्या.

"म्हणाले, मागे चालणाऱ्या बाई अगदी बरोबर चालतात. असंच चालू द्या."

मग ताई म्हणाली, "असं म्हणाले?"

एवढंच. पण ते वाक्य तिने जपून ठेवलं. लॅबमध्ये सांगितलं, शेजारी सांगितलं. बाबा त्यानंतर दोनदा पडले. दोन्ही वेळा ताई एक पाऊल मागेच होती. दुसऱ्यांदा पडले ते उठलेच नाहीत. भेटायला आलेली आत्या भरल्या घरात म्हणाली, "तू जवळ असून पडलेच कसे गं?" तेव्हा ताईचा आवाज चढला नाही. "आत्या, मोठ्या डॉक्टरांनी बघितलं होतं. मी बरोबर चालत होते." धाकटा दारात पाण्याचे ग्लास घेऊन उभा होता. त्याने ट्रे तसाच खाली ठेवला.

चेहरा मागायचा तर चाल कुठून आली ते सांगावं लागणार होतं. आणि ते सांगितलं, की ताईच्या हातातलं ते एकच वाक्य काढून घेतल्यासारखं होतं.

"ही लंगडते खरी," ताई म्हणाली.

"हो. तेच लोक म्हणतात. कुठल्यातरी मोहिमेत—"

"कसली मोहीम!" ताईने अंगठा न उचलता म्हटलं. "चप्पल चावतेय तिला."

धाकट्याने कप तोंडाला लावला होता. तो तसाच राहिला. ताई पडद्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं; लॅबमध्ये कवळी घासताना असायचं तसं, नुसतं लक्ष.

"हिचं तोंड दाखव ना," ती म्हणाली. माणूस भेटला की आधी त्याचे दात बघायची तिची सवय होती.

"ते नाही दिसत ताई. कॅमेरा मागे असतो."

"मग हा थांबून हिला पुढे का नाही जाऊ देत? सारखं काय मागे मागे!"

तिने शिलेदाराला थांबवलं. कंदीलवालीही थांबली. ताईने त्याला एक पाऊल मागे घेतलं. तीही मागे सरकली, अंतर राखून. तो अजून मागे, ती अजून मागे. गेम चार वर्षं तपासला गेला होता, हजारो लोकांनी खेळला होता, पण असं कुणी केलं नव्हतं. खेळणारा माणूस पुढे जातो. शिलेदाराला कुणासाठी मागे यायला लावावं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"ताई, तिकडे नको, भिंत आहे."

"म्हणूनच तर."

कंदीलवालीची पाठ भिंतीला लागली. तिला आणखी मागे जाता येईना. शिलेदार मात्र मागे येतच राहिला आणि शेवटी तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, खांद्याला खांदा लावून. मागे जागा उरली नाही तशी कॅमेऱ्याने उडी घेतली आणि तो समोर आला.

दोघं पहिल्यांदाच बरोबरीनं उभी दिसत होती. शिलेदाराच्या भुवईवर जुना व्रण होता, ओठ उन्हाने फुटलेले होते. त्या ओठांवर एका माणसाने महिनाभर काम केलं होतं. त्याच्या शेजारी कंदील होता, कंदील धरलेला हात होता, आणि वर केसांच्या चौकटीत अंड्याच्या कवचासारखं गुळगुळीत काहीतरी. डोळे नाहीत. नाक नाही. तोंड नाही.

"अगं बाई," ताई हळूच म्हणाली.

"दिसणारच नव्हतं कुणाला," धाकटा म्हणाला. "म्हणून… वेळ वाचवायला."

ताईने मान हलवली. कंट्रोलर मांडीवर ठेवला. तिने डाव्या टाचेवरून अंगठा फिरवला, जणू तिथे काही आहे का ते बघत होती.

"त्या दिवशी डॉक्टर बघणार म्हणून नव्या चपला घातल्या होत्या मी," ती म्हणाली. "सोलून निघाली होती टाच. बाबा समोर होते म्हणून काढता येईनात."

धाकट्याने कप खाली ठेवला.

"ताई, तो व्हिडिओ—"

"डॉक्टर म्हणाले होते ना? मी बरोबर चालते म्हणून?"

आता ती त्याच्याकडे बघत होती. तो खुर्चीवरच्या कपड्यांकडे बघत होता. सगळ्यात वर तिचा लॅबचा पांढरा कोट होता, घडी करून ठेवलेला. 'हो' म्हणायला त्याने श्वास घेतला आणि 'नाही' म्हणायलाही तोच घेतला होता, असं त्याला वाटलं.

"म्हणाले होते," ताईच म्हणाली. आणि तिने तोंड टीव्हीकडे वळवलं.

फोन थरथरला. बॉसचा निरोप होता: चेहरा मिळाला का? धाकट्याने 'नाही' एवढंच लिहून पाठवलं आणि फोन उशीखाली सारला.

पडद्यावर कुणी काही करत नव्हतं म्हणून शिलेदाराने जांभई दिली. मग आळस दिला, तलवार पुसली आणि शेवटी एका दगडावर ऐसपैस बसला.

"वा!" ताई म्हणाली. "याला बसता येतं."

"बराच वेळ काही केलं नाही की बसतो."

"आणि ही?"

कंदीलवाली उभीच होती, हात अर्धवट उचललेला, दगडावर बसलेल्याच्या बाजूने किंचित झुकलेली. ती किती वेळ उभी राहू शकते हे त्याला ठाऊक होतं. वीज असेपर्यंत.

ताई उठली, कप उचलून आत गेली. नळ सुरू झाला. ती परत आली तेव्हा धाकट्याने जमिनीवर बसून मांडीवर लॅपटॉप उघडला होता. पडद्यावर कंदीलवालीचं नुसतं शरीर होतं, आणि तो तिचा गुडघा वाकवायच्या खटपटीत होता. गुडघा वाकला की कंदील हवेत राहायचा. कंदील खाली आणला की कंबर मोडायची.

"काय करतोयस रे बारक्या?"

"हिला बसवतोय."

हात पुसत ताई त्याच्या मागे, डावीकडे उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली.

"अरे, तशी कशी बसेल ती?" शेवटी ती म्हणाली. "आधी चप्पल काढू दे तिला."