दोनची बोट

शिकागोला जाणारी गाडी मेंडोटाच्या स्टेशनात थांबली ती हलायचं नावच घेईना, तेव्हा अर्लिसने आधी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. डेल्बर्टचा चेहरा खुलला होता. तिने मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

"पुढे मालगाडी घसरलीय," कानाला लावलेला छोटा रेडिओ ऐकत तो म्हणाला. ड्रायव्हर आणि कंट्रोलवाले आपसात काय बोलतात ते त्यावर ऐकू येतं, आणि डेल्बर्ट तो रेडिओ घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. "डबे आडवे नाही झाले, नुसती चाकं उतरलीत. पण दोन्ही लाइनी बंद. दुपार तरी होणार."

"आणि हे तू हसत हसत सांगतोयस."

"हसतोय कुठे? माहिती देतोय."

"माझी बोट दोनला आहे, डेल."

"अगं, नऊच तर वाजतायत! बस मागवतील ते. काही चुकत नाही तुझी बोट."

हे वाक्य तिने याआधी तीनदा ऐकलं होतं, आणि तीनही वेळा बोट चुकली होती.

डेल्बर्टने सगळी नोकरी गेल्सबर्गहून मालगाड्या चालवण्यात काढली. घरातला फोन कधीही वाजायचा आणि दोन तासांत तो डबा घेऊन बाहेर. मुलीचा पहिला वाढदिवस असो की थँक्सगिव्हिंगची टर्की ओव्हनमधून बाहेर निघत असो, फोन वाजला की हा चालला. रिटायर झालो की फिरू, हे पालुपद अर्लिसने इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलं की त्याला काही अर्थ असतो हेच ती विसरून गेली. पण रिटायर झाल्यावर हा बाबा खरंच फिरायला तयार झाला. अट एकच, गाडी चालवणार नाही. "आयुष्यभर शंभर-शंभर डबे ओढले, आता मला कुणीतरी ओढा," म्हणाला. म्हणून मग रेल्वेने नाहीतर बसने, दोन रात्री, एक शहर. सेंट लुइस झालं, कॅन्सस सिटी झालं, मिलवॉकी झालं, शिकागो तर तीनदा झालं.

झालं म्हणजे काय, तर त्या त्या शहराचं स्टेशन झालं. सेंट लुइसची ती जगप्रसिद्ध कमान अर्लिसने बस स्टॉपवरून पाहिली, कारण डेल्बर्टला फलाटावर एक सिग्नल दुरुस्त करणारा भेटला. मिलवॉकीत शुक्रवारचे तळलेले मासे खायला गेले, तर शेजारच्या टेबलावरचा माणूस निघाला ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यातला. मग काय विचारता! वेटर खुर्च्या उलट्या करायला लागले तरी यांचा पाय निघेना.

तसा निरोप लांबवण्याचा रोग त्या भागात घरोघरी आहे. उठून सरळ चालू पडणं म्हणजे उद्धटपणा. आधी दोन्ही मांड्यांवर थाप मारायची, "बरं मग" म्हणायचं, आणि बसून राहायचं. मग उभं राहून नवा विषय काढायचा. मग दारात, मग पायरीवर, मग गाडीच्या खिडकीत कोपर टेकून. शेवटी "हरणं सांभाळ रे रस्त्यात" म्हटलं की समजायचं, आता पाचेक मिनिटांत सुटका. अर्लिसही त्याच मातीतली, तिलाही हे सगळं येत होतं. पण डेल्बर्टने त्यात जी मजल गाठली होती ती पाहून पाद्रीबाबासुद्धा चर्चच्या मागल्या दाराने सटकायचे.

आणि या सगळ्यात अर्लिसचं काम काय? एक पाय बसच्या पायरीवर, एक पाय खाली, आणि चेहऱ्यावर ओशाळं हसू. "एकच मिनिट हं, माझे मिस्टर येतायत." ड्रायव्हर घड्याळ बघायचा, आतली माणसं तिला डोळ्यांनी खायची. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं तिला.

बोटीचं प्रकरण मात्र निराळं होतं. शिकागोच्या नदीतून ती बोट जाते आणि काठावरच्या इमारती दाखवते. त्यातल्या एका उंच काळ्या इमारतीचा पोलादी सांगाडा उभारायला अर्लिसचे वडील होते. आठवडाभर तिथे वर चढून काम करायचे आणि शनिवारी घरी यायचे. म्हणायचे, "रस्त्यावरून काही दिसत नाही गं पोरी, मान मोडते नुसती. पाण्यावरून बघ एकदा." ते गेले, तिची सत्तरी आली, आणि पाण्यावरून बघायचं राहिलंच. आता ऑक्टोबर संपत आला होता. थंडी पडली की बोटी बंद होणार. सकाळी घरातून निघताना तिने स्पष्ट सांगितलं होतं, "या खेपेला चुकली, तर यापुढे माझी बॅग भरायची नाही. तू आणि तुझा रेडिओ जा फिरायला." डेल्बर्ट तेव्हा दूधवाल्याशी बोलत होता.

सगळ्यांना खाली उतरवलं. बस यायला पावणेतीन तास लागले आणि तेवढ्यात जे व्हायचं ते झालंच. गाडी का अडकली ते पाहायला मर्ल नावाचा एक म्हातारा आपला पिकअप ट्रक घेऊन आला. डेल्बर्टबरोबर कित्येक वर्षं काम केलेला गार्ड, आता मेंडोटातच राहणारा. दोघांनी एकमेकांच्या पाठीवर अशा थापा मारल्या की जणू एक जण युद्धावरून परत आलाय.

पावणेबाराला बस आली. लोक धावले. अर्लिसने दोघांच्या बॅगा ओढत आणल्या, ड्रायव्हरबाईच्या हवाली केल्या आणि हाक मारली, "डेल! बस!"

"आलोच!"

त्याने मांडीवर थाप मारली. थाप म्हणजे सुरुवात. तो उठला, मर्लही उठला. चार पावलं चालले आणि थांबले, कारण मर्लच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट राहिली होती.

"डेल्बर्ट!"

"आलोच गं!"

आता दोघे ट्रकपाशी पोचले. मर्ल आत बसला, इंजिन सुरू केलं, आणि काच खाली केली. डेल्बर्टने खिडकीत कोपर टेकलं. हरणांना अजून कितीतरी वेळ होता.

अर्लिसचा एक पाय पायरीवर होता, एक खाली. आत एक लहान मूल रडत होतं आणि मागून कुणीतरी म्हणालं, "आता कुणाची वाट बघतोय आपण?" तिने तोंड उघडलं, तेच ते वाक्य बोलायला. आणि तिला स्वतःचीच अशी काही किळस आली की ते वाक्य घशातच राहिलं.

"मॅडम," ड्रायव्हरबाई म्हणाली, "सगळे चढले का?"

अर्लिसने दुसरा पायही वर घेतला.

"हो," ती म्हणाली. "सगळे चढले."

बस निघाली. ट्रकजवळून जाताना तिने मान खाली घातली. मग अर्धा तास तिला हायवेही दिसला नाही आणि कापून झालेली मक्याची शेतंही. नवऱ्याच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या तिच्या पर्समध्ये होत्या. अंड्याची सँडविचं दोघांची होती. आपण हे काय करून बसलो? भर रस्त्यात नवरा सोडून आलो! फोन वाजेल आणि तो कडाडेल, म्हणून ती फोन हातात धरून बसली. फोन वाजला नाही. म्हणजे फारच चिडलाय, असं तिने ठरवून टाकलं.

शिकागोत उतरल्यावर ती बॅगा ओढत नदीपर्यंत जवळजवळ पळतच गेली. बोट उभी होती. तिकीट दाखवून वरच्या बाकावर बसली, आणि मग राहवेना म्हणून तिनेच फोन लावला.

"पोचलीस?" डेल्बर्टच्या तोंडात घास होता. "मिळाली बोट?"

"मिळाली. डेल, मी ड्रायव्हरला सांगितलं सगळे चढले म्हणून. मुद्दाम सांगितलं."

"बरं केलंस की! मर्लने घरी आणलंय मला. त्याच्या बायकोने मीटलोफ केलाय, झकास झालाय. गोळी त्याच्याकडची घेतली, तीच आहे. उद्या सकाळच्या गाडीने येतो मी."

"तू चिडला नाहीस?"

"चिडायचं काय त्यात? खरं सांगू? मला इतकी वर्षं हेच कळत नव्हतं, की ही बाई दारात उभी राहून अख्ख्या बसचा खोळंबा का करते. लोक माझ्याकडे काय रागाने बघायचे! मला वाटायचं, तुला आवडत असेल तसं."

"आवडत असेल?" अर्लिस इतक्या मोठ्यांदा ओरडली की पुढच्या बाकावरची दोघं वळली. "आलोच, आलोच म्हणून कोण ओरडायचं?"

"ते आपलं म्हणायचं असतं गं. पण थांब असं मी कधी म्हटलंय? एकदा तरी?"

ती आठवायला लागली. नक्की सापडेल अशा त्वेषाने तिने सेंट लुइस धुंडाळलं, कॅन्सस सिटी धुंडाळली. काही हाती लागेना.

"बरं मग," डेल्बर्ट म्हणाला, "तुझ्या बापाच्या इमारतीला माझा सलाम सांग," आणि त्याने चक्क लगेच फोन ठेवला.

बोट सुटली. अर्लिसच्या अंगाची लाही लाही होत होती, पण राग कुणावर काढायचा ते समजेना. त्या तीन चुकलेल्या बोटी तिला आठवल्या. तिन्ही वेळा डेल्बर्ट कुठेतरी मागे बोलत होता, आणि ती इथेच होती, या धक्क्यावर, वेळेच्या आधी. तिकीट तिच्या हातात होतं. फळी टाकलेली होती. बोटीवरच्या माणसाने या म्हटलं होतं, आणि तिने मानेने नाही म्हणून सांगितलं होतं.

नदीने वळण घेतलं. काळी इमारत पाण्यापासून आभाळापर्यंत सबंध समोर आली. अर्लिसने कठडा घट्ट धरला आणि ती लोकांसमोर हमसून हमसून रडली. डेल्बर्टवर चिडणं निदान सोपं तरी होतं.