जाळीवरून गवतावर

त्या शनिवारी नीला घोड्याच्या जटक्यातून उतरली ती दोरी धरूनच. दोरीच्या टोकाला कान पडलेला एक तांबूस कुत्रा होता आणि तो काही केल्या खाली उतरेना. शेवटी जटकेवाल्याने त्याला उचलून रस्त्यावर ठेवलं. ठेवल्या जागीच त्याने मुतून टाकलं.

"ताई, हा आता आपल्याकडे राहणार," नीला म्हणाली.

प्रेमा दारातून हलली नाही. नवरा गेल्यावर सांगलीचं सासरचं घर सोडून ती धाकट्या बहिणीकडे बंगलोरच्या मल्लेश्वरमला आली, त्याला वर्ष होत आलं होतं. इथे सगळं होतं. नीलाची नोकरी होती, घराच्या मागच्या बाजूच्या दोन स्वच्छ खोल्या होत्या, परसदारी मोकळं मैदान होतं. पण प्रेमा नीलाशिवाय कुठे बाहेर पडत नसे. भाषा येत नाही, म्हणायची. घर झाडून पुसून लख्ख ठेवायचं आणि बहिणीची वाट बघायची, एवढाच तिचा दिवस.

आणि आता हा कुत्रा.

नीला एका संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करी. कुत्र्यांना वेगवेगळा आहार देऊन त्यांची वाढ तपासण्याचा तिथला प्रयोग नुकताच संपला होता. हा पिंजऱ्यातच जन्मला होता आणि तिथेच मोठा झाला होता. माती त्याच्या पायाला कधी लागली नव्हती.

"पुन्हा पिंजऱ्याचं तोंड म्हणून त्याला दाखवायचं नाही," नीला म्हणाली. "घरभर मोकळा फिरू दे."

तो घरभर फिरला, आणि घरभर घाण केली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, कपाटाखाली, नीलाच्या चपलेवर. मारावं तर तो आधीच भिंतीला चिकटून थरथरत असे. बाहेर नेलं की गवतावर एक पाय वर धरून पुतळ्यासारखा उभा राही आणि घरात आल्याबरोबर मोकळा होई. सोमवारी नीला कामावर गेली आणि प्रेमाच्या हाती फिनेलची बाटली आली, ती सुटेना. तिने त्याचं नाव तांबू ठेवलं, तेही ओरडायला काहीतरी हवं म्हणून.

घरमालकीण राजलक्ष्मी पुढच्या भागात राहायच्या. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या बंगलोरचं, मराठी बोलायच्या ती अर्धी कानडी मिसळून. एका सकाळी पदर नाकाला लावून त्या आल्या.

"प्रेमाअक्का, ह्या नायीचं, ह्या कुत्र्याचं स्वल्प बघा. दसऱ्याला आमच्याकडे बाहुल्या मांडतात, गावच्या बायका येतात. तोवर शिकला तर सरी. नाहीतर त्याला दुसरं घर बघा."

प्रेमाला खरं म्हणजे हायसं वाटायला हवं होतं. दसऱ्यापर्यंत कळ काढायची की सुटका. पण त्याच दुपारी तांबू दिसेनासा झाला. ती खोल्या धुंडाळत कोठीत गेली. तिची भांडीकुंडी सांगलीहून ज्या लाकडी खोक्यातून आली होती, ते तिथे आडवं पडलं होतं. आत एक जुनी गोधडी कोंबलेली होती आणि त्या गोधडीवर तांबू आडवा झोपला होता. आल्यापासून तो बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचा, जरा खुट्ट झालं की उठायचा. आज चारी पाय सोडून घोरत होता.

प्रेमा उंबऱ्यात बसून राहिली. तो जागा झाल्यावर तिने गोधडी चाचपून पाहिली. कोरडी होती.

संध्याकाळी नीला संतापली. "पुन्हा पिंजराच की हा!"

"याला दार नाही. आपल्या पायांनी गेलाय तो," प्रेमा म्हणाली. "मला एक सांग, तिथे पिंजऱ्याला तळ कसला होता?"

"लोखंडी जाळीचा. घाण खाली ट्रेमध्ये पडते."

"म्हणजे उभं राहायची जागा तीच त्याची मोरी. त्याला वेगळं माहीतच नाही. खोक्यात मात्र खाली पडायला जागा नाही, केलं तर त्यातच लोळावं लागेल. म्हणून धरून ठेवतोय. मग खोक्यातून उठला की पाय फरशीला लागायच्या आत त्याला बाहेर न्यायचं. आणि तिथली जाळी मिळेल का एखादी?"

नीलाला ते आवडलं नाही, पण मोडीत निघालेल्या पिंजऱ्याचा तळ तिने आणला.

दुसऱ्या दिवशी प्रेमाने जाळी मैदानात गवतावर टाकली. तांबू खोक्यात जागा झाल्याबरोबर त्याला उचलून, धापा टाकत नेऊन तिने जाळीवर उभं केलं. त्याने खाली हुंगलं आणि लगेच मोकळा झाला. प्रेमाने त्याच्या तोंडात भाकरीचा तुकडा दिला आणि मान खाजवली. आपण हसतोय हे तिला जरा उशिराच कळलं.

मग तेच सुरू झालं. जेवण खोक्यात. जेवण झालं की बाहेर, झोपेतून उठला की बाहेर. मधल्या वेळात ती खोक्याला फळीचं झाकण लावून शेजारीच भाजी निवडत बसे. तो कुंई कुंई करू लागला की बोलत राही आणि गप्प झाला की झाकण काढी. जाळी ती रोज थोडी दामटून मातीत बसवी, कडेने पत्र्याच्या कात्रीने थोडी कापी. गवताची पाती तिच्यातून वर येऊ लागली.

मैदानात गंगव्वा नावाची बाई म्हैस चारायला आणी. ती मूळची निपाणीकडची, मराठी बोलणारी.

"लोखंडावर कशाला उभं करताय त्याला, अक्का?" तिने विचारलं. प्रेमाने सांगितलं. सांगता सांगता सांगलीचा विषय निघाला, म्हशीचा निघाला, आणि आमटी चुलीवर करपली. त्यानंतर तांबूचं झालं तरी प्रेमा लगेच परतत नसे.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात प्रेमाने घाई केली. नीलाबरोबर सिटी मार्केटला जायचं ठरलं, आणि तिने झाकण लावून त्याला पाटा टेकवून ठेवला. त्यांना यायला दुपार टळली. कोठीतून आवाज येत नव्हता. तांबूने फळी कुरतडून काढली होती, त्याच्या ओठातून रक्त येत होतं आणि घाणीत बरबटून तो कोपऱ्यात बसला होता. प्रेमाकडे बघून त्याने शेपटीसुद्धा हलवली नाही.

प्रेमाने त्याला परसदारी नेऊन कोमट पाण्याने धुतलं. नीला पाणी ओतत राहिली.

"माझंच चुकलं," प्रेमा म्हणाली. "शेजारी बसलं की गप्प राहतो, म्हणजे एकटाही राहील, असं मी धरून चालले."

तिने झाकण चुलीत घातलं. खोकं धुऊन उन्हात वाळवलं, गोधडी बदलली, आणि दार नसलेलं ते खोकं कोठीतून आणून आपल्या अंथरुणाजवळ ठेवलं. तांबू त्यात पाय घालीना. तिने तगादा लावला नाही. त्याचं ताट मात्र रोज खोक्याजवळ सरकत गेलं, मग त्याच्या तोंडाशी आलं, मग आत. एका दुपारी ती आडवी झाली असताना खोक्यात खुडबुड ऐकू आली. तो गोल गोल फिरून गोधडीवर बसत होता.

दसऱ्याचे दिवस आले. राजलक्ष्मींच्या पुढच्या खोलीत पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या होत्या आणि बायकांची दाटी झाली होती. प्रेमा उसळीचे द्रोण वाटत होती. कानडीत "घ्या ना" म्हणायला ती शिकली होती, आणि बायका तिला आणखी बोलायला लावत होत्या.

इतक्यात कुणीतरी पाय वर घेतले. तांबू मधल्या बोळातून आत आला होता. इतक्या माणसांत तो कधी आला नव्हता. त्याचं अंग थरथरत होतं, पण तो भिंतीकडे गेला नाही. पायांच्या गर्दीतून वाट काढत तो प्रेमाजवळ आला, तिच्या निऱ्यांना नाक लावलं, मागच्या दाराकडे चार पावलं गेला आणि वळून तिच्याकडे बघत उभा राहिला.

राजलक्ष्मींचा चेहरा कडक झाला होता. प्रेमाने हातातली परात त्यांच्याच हातात दिली.

"आलेच मी. बोलवायला आलाय तो."

तिने दार उघडलं. तांबू पायरी उतरला आणि जाळीच्या उरलेल्या तुकड्यावर न थांबता गवतातून सरळ चालत कुंपणापाशी गेला. पाय वर करून तिथे सावकाश, निवांत मोकळा झाला. मग गवतात पाठ घासत लोळला. असं करताना प्रेमाने त्याला कधी पाहिलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कुत्र्याने कुंपणापाशी लघवी केली म्हणून आपण रडतोय हे लक्षात येऊन तिला हसूही आलं.

परत आली तेव्हा राजलक्ष्मी द्रोण वाटत होत्या. "विचारून गेला की हो," त्या शेजारच्या बाईला सांगत होत्या. "आमच्या नातवालाही अजून जमत नाही." मग प्रेमाला म्हणाल्या, "राहू दे त्याला. सरी?"

नीला कामावरून आली, तेव्हा तिने हे सगळं दोनदा ऐकलं. मग चहाचा कप फिरवत म्हणाली, "ताई, तिथे अजून एक कुत्री आहे. बाकीच्यांना घरं मिळाली, पण ही फार घाबरते म्हणून कुणी नेत नाही."

तांबू खोक्यात झोपला होता. प्रेमाने त्याच्याकडे पाहिलं, मग खोलीतल्या उरलेल्या जागेकडे.

"उद्या तुझ्याबरोबर येते मी," ती म्हणाली. "आधी बघू तरी दे."