मोजणारीला मोजायचं कुणी?

मी एक जुनी पोलादी कडी आहे, मित्रांनो. रिव्हॉल्वरची काडतुसं बनवणाऱ्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर माझी बावीस वर्षं गेली. माझं काम सोपं. काडतूस माझ्या भोकात सोडायचं. सहज गेलं तर पास, अडकलं तर लाल डब्यात. शेजारच्या खोलीत हजारातली दहा रिव्हॉल्वरमधून झाडून बघतात. माझ्यातून मात्र एकूण एक जातं.

मला घडवलं तेव्हा माझ्या मापात केसाचाही फरक नव्हता. मोठे साहेब पाहुण्यांना सांगायचे, "ही कधी खोटं बोलत नाही." मी फुलून जायची.

तपासणीवरची मावशी मला 'म्हातारी' म्हणते. तिच्याइतकं मला कुणी जपलं नाही. रोज सुट्टीआधी चिंधीला पॉलिश लावून ती मला आतून घासते, आरशासारखी लख्ख करते. तिथंच घात झाला. त्या घासण्यानं माझं अंग कणाकणानं झिजलं, भोक मोठं झालं. आता जाडं काडतूसही माझ्यातून सुळकन निसटतं, आणि मला ओरडता येत नाही.

माझी परीक्षा घ्यायला एक कांडी आहे. माझ्यात शिरूच नये, इतकी जाड. ती दर महिन्याला घालून बघायची असते. "उगीच खराब व्हायची," म्हणत मावशीनं ती ग्रीसच्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवली, ती आजतागायत तिथंच.

मावशीची मुलगी खजिन्यावर पहारा देते. आज ड्यूटीवर जाता जाता ती चौकीसाठी काडतुसांची नवी पेटी न्यायला आली.

"आई, मागच्या पेटीतली काही नीट बसत नाहीत गं. चक्र फिरता फिरता अडतं."

"रिव्हॉल्वरला तेल घाल आधी. आळशी कुठली!"

"घातलं. दोनदा घातलं."

"माझ्या म्हातारीनं पास केलीत ती. तुझ्यापेक्षा तिच्यावर भरवसा आहे माझा."

"मग तिलाच उभी कर पहाऱ्यावर!" मुलगी हसली आणि पेटी उचलून निघाली.

मावशी हसली नाही. तिनं चिंधी घेतली, पण हात मध्येच थांबला. ती उठली. कपाट उघडलं, कागद सोडला, कांडी माझ्यात घातली.

कांडी आरपार गेली. खुट्ट आवाजसुद्धा झाला नाही.

"अगं बाई... कधीपासून गं?" एवढंच मला विचारून मावशी धावत सुटली. एक चप्पल टेबलाखालीच राहिली.

मित्रांनो, मावशीला बोल लावू नका. तिनं माया केली, फक्त पारख करायची राहिली. ज्याच्यावर डोळे मिटून विसंबता, ते अधूनमधून डोळे उघडून तपासत जा. मला पुसू नका. मला मोजा.

जिन्यावर मावशीची धाप ऐकू येते आहे. खाली मुलीची गाडी सुरू झाली. फाटकाशी कुणी असाल तर, मित्रांनो, त्या गाडीला हात करा.