निदान एक वाक्य

दर महिन्याला डॉक्टर नवा. आरोग्य केंद्राच्या कोपऱ्यातल्या खोलीत, लशींच्या फ्रिजशेजारी, खिडकीच्या कट्ट्यावर टॅबलेट टेकवून ठेवलेला असायचा, कारण रेंज म्हणून जी काही होती ती तिथेच यायची. त्यात एक चेहरा उगवायचा, गोड हसायचा आणि म्हणायचा, "बोला ताई, पहिल्यापासून सांगा."

झालं! पहिले पाढे पंचावन्न! दुकानातली इस्त्री थंड ठेवून, दोन बस बदलून आलेल्या ताईच्या डोक्यात तिडीक जायची. मानसोपचाराचा डॉक्टर इकडे पाऊल टाकायला तयार नव्हता ते नव्हताच, पण टॅबलेटमधलाही टिकत नव्हता. तरी ती घडाघडा सांगायची. हा माझा धाकटा भाऊ. गवंडी. इतका बडबड्या, की घमेल्यातला माल वाळायचा पण ह्याची गोष्ट संपायची नाही. मग परांचीवरून ह्याचा जोडीदार पडला, ह्याच्या डोळ्यांदेखत गेला. तेव्हापासून तोंडाला कुलूप.

भाऊ मान खाली घालून शेजारच्या स्टुलावर आपलीच कहाणी ऐकत बसायचा. सांगून सांगून ताईला ती इतकी पाठ झाली होती, की डोळे कुठे पुसायचे तेसुद्धा ठरून गेलं होतं. त्याची तिला लाज वाटायची.

आज टॅबलेटमध्ये एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधीचे कागद चाळले.

"सुधारणा नसेल तर गोळी वाढवा, असं लिहिलंय इथे."

"नका हो वाढवू! आत्ताच दिवसभर ग्लानीत असतो. हातात घास धरून झोपतो."

"मला कळतंय. पण ते स्वतः काही बोलले, निदान एक वाक्य, तर मला थांबता येईल." मग त्या भावाकडे वळल्या. "दादा, तुम्हाला काय होतंय?"

भावाने मान वर केली. ताईने श्वास रोखला. आणि नेमकी तेव्हाच डॉक्टरीणबाईंची हनुवटी वाकडी होऊन थिजली.

ताई ताडकन उठली. तिने टॅबलेट उचलला, हलवला, गजांमधून बाहेर धरला. "हॅलो! हॅलो! अहो सिस्टर, गेली की तुमची रेंज!"

"हलवू नका, येईल आपोआप," सिस्टर बाहेरूनच म्हणाली.

"आपोआप? इथे आपोआप काही आलंय का कधी?"

"ताई," मागून कुणीतरी म्हणालं. आवाज घोगरा होता, गंजलेल्या बिजागरीसारखा. "ताई, त्या दिवशी मी..."

"अरे थांब ना जरा! आधी हे मेलं लागू दे!" ती मागे न बघताच खेकसली आणि पुन्हा हॅलो हॅलो सुरू केलं. तो आवाज थोडा वेळ चालू राहिला. मग थांबला.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. ती गर्रकन वळली. भावाची मान पुन्हा खाली गेली होती.

"हां, आता दिसताय," हातातला टॅबलेट बोलला. "काही म्हणाले का ते?"

"बोलला!" ताई किंचाळलीच. "बोलला हो! बराच वेळ बोलला!"

"अरे वा! काय म्हणाले?"

ताई भावापुढे उकिडवी बसली. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "सांग ना रे राजा. आता मी ऐकते. सांग." त्याने तिच्याकडे पाहिलं, रागाने नव्हे, नुसतंच, आणि डोळे मिटून घेतले.

"ताई? काय म्हणाले ते?"

"मला नाही ऐकू आलं."

"साहजिक आहे. तुमच्याकडे आवाजाचा फार घोळ होतो."

"त्याचा आवाज नीट होता, डॉक्टर," ताई म्हणाली. "मी रेंज शोधत होते."

डॉक्टरीणबाईंनी भावाला "दादा?" म्हणून पुन्हा एकदा विचारून पाहिलं; त्याने डोळे उघडले नाहीत. मग गोळी वाढवली.