वाकलेला जोड

मी एक जोड बोलतोय. लग्नाचा नव्हे हं, पोलादाचा! दोन जाड प्लेटांच्या मधली बोटभर शिवण म्हणजे मी. आज माझा आकार घोड्याच्या नालेसारखा आहे आणि मला त्याचा भारी अभिमान आहे.

मला घडवणाऱ्या बाईंना वर्कशॉपमध्ये सगळे ‘ताई’ म्हणत. खिडक्यांच्या जाळ्या जोडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग कालव्यावरच्या पुलाचं काम आलं आणि साहेबांनी बजावलं, “यावरून माणसं चालणार आहेत. वेल्डिंगची चाचणी पास झाल्याशिवाय पुलाला कुणी रॉड लावायचा नाही.” संधी तीनच.

ताईंचे यजमानही तिथेच वेल्डर. ते पहिल्या फटक्यात पास झाले आणि जगभर सांगत सुटले.

मी तेव्हा फळीवर दोन सुट्या प्लेटांच्या रूपात पडून होतो. माझा थोरला भाऊ, म्हणजे ताईंचा पहिला जोड, दिसायला देखणा. माशाच्या खवल्यांसारख्या एकसारख्या लहरी! पण तपासणाऱ्या मॅडमनी त्याची पट्टी कापून प्रेसखाली वाकवली आणि तो कडकन उकलला.

“करंट कमी आणि हात घाईचा,” मॅडम म्हणाल्या. “धातू वर पसरला, मुळाशी पोचलाच नाही. जाळीला चालून जातं, पुलाला नाही.”

जेवणाच्या सुट्टीत यजमान म्हणाले, “अगं, एवढा विचार कसला करतेस? माझ्या मशीनवरचा करंटचा आकडा लाव की!”

ताईंनी तो लावला. शिवाय मॅडमचं ऐकून हातही हळू केला. झालं! तो आकडा यजमानांच्या भरधाव हाताचा होता. ताईंच्या संथ हाताखाली पोलाद लोण्यासारखं वितळलं, कडा खाल्ल्या गेल्या आणि मधल्या भावाला जन्मतःच आरपार भोक पडलं.

“ताई, आपल्या जाळ्याच बऱ्या,” कुणीतरी हसलं. ताईंनी डबा न उघडताच परत नेला.

पण दुसऱ्या दिवशी ताई वर्कशॉपमधल्या भंगाराच्या ढिगाशी बसल्या. तुकडे जोडायचे, घणाने फोडायचे, आत काय झालंय ते बघायचं. करंट बदलला की हात तोच ठेवायचा. हात बदलला की करंट तोच. रॉड लांब धरला की आत बुडबुडे राहतात, फार टेकवला की तो चिकटून बसतो. हळूहळू मशीन, रॉड आणि मनगट यांचं सूत जुळलं.

मग माझी पाळी आली. ठिणगी पडली आणि आवाज कसा एकसारखा, तेलात कुणी काही तळत असावं तसा! माझ्या दोन्ही कडा विरघळल्या, तळापर्यंत एकमेकींत मिसळल्या, आणि कुठली प्लेट संपते नि कुठली सुरू होते ते माझं मलाच कळेना.

प्रेस खाली आला. माझी पाठ ताणली, आणखी ताणली. मॅडमनी भिंगातून मला या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळलं.

“केसाएवढीही भेग नाही. पास!”

सगळ्यात मोठ्याने ओरडले ते यजमान! ताईंनी हातमोजा काढला आणि माझ्या पाठीवरून नुसतं बोट फिरवलं.

आता तो पूल उभा आहे. त्याच्या मधल्या कमानीतले सगळे जोड ताईंचे, म्हणजे माझे धाकटे भाऊ. त्यांच्यावरून रोज माणसं गप्पा मारत जातात, खाली कुणी बघतही नाही. बघायला लागू नये, हीच तर आमची शान! मी मात्र वर्कशॉपच्या टेबलावर असतो. कधी आलात तर माझी नक्षी बघून थांबू नका, मला उलटा करून मूळ बघा. माझं सगळं वैभव तिथे आहे.

परवा यजमानांना पातळ पाइपची नवी चाचणी द्यायची होती. दोन पाइप जाळून झाल्यावर ते ताईंपाशी आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “अहो, किती करंट ठेवू?”

ताईंनी डोळ्यांवरची काच वर सरकवली. “आधी तुमचा हात बघू द्या. मग सांगते.”